तिकीट महाग, म्हणून लोक आले नाहीत? यूरो डिस्नेची पहिली चार वर्षं

संशोधनाची तयारी करणाऱ्यांचे सिनॉप्सिस वाचायला मिळतात तेव्हा एक शब्द मला सारखा अडतो. तो म्हणजे 'म्हणून'. पाऊस कमी झाला म्हणून स्थलांतर वाढलं. फी वाढली म्हणून गळती झाली. वाक्य इतकं सरळ वाटतं की त्यातल्या 'म्हणून'ला वेगळा पुरावा लागतो, हेच लक्षात येत नाही. आज हा शब्द जरा उलगडून बघू, आणि त्यासाठी जाऊ पॅरिसच्या पूर्वेला साधारण ३२ किलोमीटरवर, डिस्नेच्या पार्कात. विषय हलकाफुलका आहे असं वाटून सोडून देऊ नका. आकडे उपलब्ध आहेत, कालखंड छोटा आहे, आणि 'लोक का आले नाहीत' याची निदान पाच उत्तरं त्या काळातच दिली गेली होती. सरावाला याहून चांगलं प्रकरण मला तरी माहीत नाही.

आधी घडलं काय ते बघा. मार्च १९८७ मध्ये डिस्ने कंपनी आणि फ्रेंच सरकार यांच्यात करार झाला. पार्क १२ एप्रिल १९९२ रोजी मार्न-ला-व्हाले इथे उघडलं. नाव होतं यूरो डिस्ने. पहिल्या वर्षात १ कोटी १० लाख लोक येतील असा अंदाज होता. कंपनीचं आर्थिक वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असतं, हे इथेच वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. तर १९९२-९३ या पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षात आकडा आला ९८ लाख. त्याच्या पुढच्या वर्षी तो आणखी घसरून ८८ लाख झाला. १९९२-९३ चा तोटा ५.३ अब्ज फ्रँक. (यातला मोठा भाग उद्घाटनापूर्वीचे खर्च एकदम खर्ची टाकल्यामुळे दिसतो. ताळेबंदातला आकडा उचलताना तळटीप वाचायची ती यासाठी.)

मोठ्या माणसाचं तिकीट सुरुवातीला २२५ फ्रँक होतं आणि मुलांचं १५०. दोन मुलं असलेल्या कुटुंबाला नुसतं फाटकातून आत जायला ७५० फ्रँक. हे फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कपेक्षा जास्त होतं. पुढे तिकीट २५० पर्यंत चढलं. मग एप्रिल १९९५ मध्ये कंपनीने हंगामातलं तिकीट २५० वरून १९५ फ्रँकवर आणलं, आणि त्या आर्थिक वर्षात आकडा गेला १ कोटी ७ लाखांवर. पुढच्या वर्षी १ कोटी १७ लाख. कंपनीला पहिला वार्षिक नफाही १९९५ मध्येच झाला, ११.४ कोटी फ्रँकचा.

झालं की मग! तिकीट महाग होतं म्हणून लोक येत नव्हते, स्वस्त केलं म्हणून आले. गणितही गोंडस बसतं. तिकीट २२ टक्क्यांनी उतरलं, आणि ८८ लाखांचे १ कोटी ७ लाख म्हणजे वाढही जवळजवळ २२ टक्के. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी लगेच लिहील, मागणीची लवचिकता वजा एक. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकाला इथेच आयता घास मिळतो.

कारण आता आर्थिक वर्ष आठवा. १९९४-९५ चं वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू झालं आणि स्वस्त तिकीट आलं एप्रिलमध्ये. म्हणजे वर्षाचा पहिला अर्धा भाग जुन्याच दरावर गेला होता. वर्षभराच्या वाढीला अर्ध्या वर्षाच्या दराने भागता येत नाही. शिवाय त्या एका वर्षात आणखी काय काय बदललं ते मोजा. ऑक्टोबर १९९४ मध्ये पार्कचं नाव बदलून डिस्नेलँड पॅरिस झालं. 'यूरो' या शब्दाचा अमेरिकन साहेबांना वाटणारा रुबाब युरोपीय माणसाला कधी जाणवलाच नव्हता. मे १९९४ मध्ये पार्कच्या दारात वेगवान टीजीव्ही गाड्यांचं स्टेशन सुरू झालं. त्याच महिन्यात इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याचं उद्घाटन झालं आणि नोव्हेंबरपासून लंडन ते पॅरिस युरोस्टार धावू लागली. आणि १ जून १९९५ रोजी, म्हणजे तिकीट उतरवल्यानंतर दोनच महिन्यांत, 'स्पेस माउंटन' ही मोठी नवी राइड उघडली. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कल्पनेवर बांधलेली, फ्रेंच प्रेक्षकांकडे डोळा ठेवूनच.

आता सांगा, लोक आले ते ५५ फ्रँक वाचले म्हणून, की स्पेस माउंटन बघायला, की गाडी सोयीची झाली म्हणून? वार्षिक आकड्यावरून हे वेगळं करता येत नाही. उलट बाजूनेही दोर ओढले जात होतेच. जुलै १९९५ पासून पॅरिसमध्ये बॉम्बस्फोट होऊ लागले, पहिला मोठा स्फोट सँ-मिशेल स्टेशनवर आरईआर गाडीत झाला. पर्यटक बिचकण्याचा हा काळ. तरीही आकडा वाढला. म्हणजे स्वस्ताईचा खरा परिणाम आकड्यात दिसतो त्यापेक्षा जास्तही असू शकतो. बघा, एकाच आकड्याला दोन्ही दिशांनी ओढता येतं.

हीच तपासणी घसरणीलाही लावायची. १९९२ चा उन्हाळा आठवा (तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेच नव्हते, मीही नाही). त्याच वर्षी सेव्हिलला जागतिक प्रदर्शन होतं आणि बार्सिलोनाला ऑलिंपिक. सप्टेंबरमध्ये युरोपातल्या चलनांचा घोळ झाला. १६ सप्टेंबरला ब्रिटिश पौंड विनिमय यंत्रणेतून बाहेर फेकला गेला, पाठोपाठ इटलीचा लिरा, आणि स्पेनच्या पेसेटाचं अवमूल्यन. फ्रँक मात्र टिकला. परिणाम असा की पार्कने तिकिटाला हात न लावताही इंग्लंडच्या, इटलीच्या, स्पेनच्या कुटुंबाला तेच तिकीट महाग पडू लागलं. तिकिटावर छापलेली किंमत आणि घरातून गेलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच पार्कची एकाच दिवशी डझनभर किमती होत्या, देशागणिक एक. त्यात १९९३ ला युरोपात मंदी.

आणि ९८ लाखांचे ८८ लाख का झाले? तिकीट थोडं चढलं होतं, हे खरं. पण त्या हिवाळ्यात दुसरीच गोष्ट चालू होती. कंपनीवर सुमारे २० अब्ज फ्रँकचं कर्ज होतं, आणि बँकांशी वाटाघाटी चालू असताना डिस्नेचे प्रमुख मायकेल आयस्नर यांनी एका फ्रेंच साप्ताहिकाला सांगितलं की पार्क बंद करण्यासकट सगळ्या शक्यता खुल्या आहेत. बँकांवर दबाव आणायला ते बोलणं सोयीचं असेल, पण आपल्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी सहा महिने आधी ठरवणाऱ्या डच किंवा जर्मन बापाने ते वाचून काय केलं असेल? बंद पडणाऱ्या पार्कचं आगाऊ बुकिंग कोण करतो! १९९४ च्या मध्यापर्यंत कर्जाची फेररचना झाली, मूळ कंपनीने काही वर्षं रॉयल्टी सोडली, सौदी राजपुत्र अलवालिद यांनी मोठा हिस्सा घेतला. १९९५ चा तो नफा या सवलतींमुळे शक्य झाला. तिकीट २२ टक्के उतरवून माणसं २२ टक्के वाढली तर फाटकावरचा गल्ला उलट किंचित कमीच होतो, ०.७८ गुणिले १.२२ करून बघा. कमाई वाढते ती आत शिरल्यावर, जेवणावर, टोपीवर, खोलीवर.

फ्रेंच वृत्तपत्रांचं उत्तर वेगळंच होतं. नाट्यदिग्दर्शिका आरियान म्नूश्किन यांच्या नावावर 'सांस्कृतिक चेर्नोबिल' हा शब्दप्रयोग आहे आणि आजही कुठल्याही लेखात तो पहिल्या परिच्छेदात येतोच. जेवणाबरोबर वाइन मिळत नाही यावरही रकाने भरले गेले (१९९३ मध्ये वाइन सुरू झाली). मला हे उत्तर सर्वांत कच्चं वाटतं. अमेरिकन उंदराबद्दलचा तिटकारा हे कारण असेल, तर १९९६ पर्यंत तो कुठे गेला? उंदीर तर तोच होता. आणि पुढे सर्वांत मोठा पाहुण्यांचा गट फ्रेंचांचाच राहिला. सांस्कृतिक कारण चटकन सुचतं, छान लिहिता येतं आणि तपासायला अवघड असतं. म्हणूनच त्याच्यापासून जपून राहा.

मग किमतीचा काहीच संबंध नाही? आहे, पण किंमत किती याइतकाच ती कशी घेतात यालाही महत्त्व आहे. आपल्या जत्रेत शिरायला पैसे पडत नाहीत. आकाशपाळण्याचे वेगळे, मौत का कुआंचे वेगळे. आजी कडेला भेळ खात बसते, तिला काही लागत नाही. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा थोडंफार असंच होतं. प्रवेश एक डॉलर, राइडचे पैसे निराळे. त्याच वर्षी कूपनांची पुस्तकं आली, ए, बी, सी अशी, आणि १९५९ पर्यंत ती ई पर्यंत पोचली. सर्वांत भारी राइड म्हणजे 'ई तिकीट'. अर्थतज्ज्ञ वॉल्टर ओई यांनी १९७१ मध्ये यावरच एक निबंध लिहिला, 'अ डिस्नेलँड डायलेमा'. प्रश्न असा की मालकाने पैसे दारात घ्यावेत की पाळण्यावर? सगळी गिऱ्हाइकं सारखी असतील तर दारात भरपूर घ्यावे आणि आत फक्त प्रत्यक्ष खर्चापुरते. पण गिऱ्हाइकं वेगवेगळ्या ऐपतीची असली की दारातला आकडा वाढवताना खालचा गट साफ गळतो. १९८२ मध्ये अमेरिकेतली कूपनं बंद झाली, एकच तिकीट, हव्या तितक्या राइड. १९८४ नंतर आयस्नर यांच्या काळात ते तिकीट भराभर वाढवलं गेलं आणि गर्दी हटली नाही. पॅरिसचे अंदाज बांधणाऱ्यांच्या पाठीशी हा अनुभव होता. पण फ्लोरिडात तोवर तीन पार्क होती आणि लोक कैक दिवस राहायला येत. पॅरिसजवळ एकच पार्क, शेजारी पाच हजारांहून जास्त खोल्यांची हॉटेलं, आणि पॅरिसपर्यंत थेट लोकल. माणसं सकाळी यायची, रात्री परत जायची. पहिल्या हिवाळ्यात एक हॉटेल चक्क बंद ठेवावं लागलं. इथे महागाईचा फटका बसला तो हॉटेलांना जास्त आणि फाटकाला कमी, असं माझं वाचन आहे.

आता साधनांबद्दल. 'भाव जास्त वाटतो का?' हे कंपन्या विचारतात कुणाला? बहुतेक वेळा आत आलेल्यांना. ज्याने घरीच पाचशे हिशेब करून बेत रद्द केला, तो त्या सर्वेक्षणात येतच नाही. किमतीने दुरावलेला माणूस शोधायचा तर प्रवासी कंपन्यांची बुकिंगं, रेल्वेचे आकडे, शेजारच्या पार्कांची हजेरी असं आडवाटेने जावं लागतं. दुसरं, हजेरी म्हणजे माणसं नव्हेत, फेऱ्या. वार्षिक पास असलेला एक पॅरिसकर वर्षात दहादा गेला तर तो दहा.

स्वस्ताईने सगळं सुटतं असंही नाही. ८ फेब्रुवारी २००१ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या समोरच दुसरं पार्क उघडलं, कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर. तिकीट शेजारच्याइतकंच, ४३ डॉलर, आणि आत बघायला त्याच्या निम्मंही नाही. लवकरच सवलती सुरू झाल्या, पण माणसं फिरली ती २००७ मध्ये जाहीर झालेलं १.१ अब्ज डॉलरचं नूतनीकरण २०१२ मध्ये पुरं झाल्यावर. इथे 'महाग' हा शब्द शेजारच्या फाटकाशी तुलना करून उमटत होता.

आणि कधीकधी घट ही घट नसतेच. टोकियोच्या दोन डिस्ने पार्कांत २०१८-१९ मध्ये ३ कोटी २५ लाख फेऱ्या झाल्या, मोठ्यांचं एका दिवसाचं तिकीट ७,४०० येन. कोविडनंतर कंपनीने रोजची माणसं मुद्दाम मर्यादित ठेवली, तारखेनुसार दर लावले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून सर्वांत महागड्या दिवसाचं तिकीट १०,९०० येन केलं. २०२३-२४ ला फेऱ्या झाल्या २ कोटी ७५ लाख. उलाढाल मात्र ५२५ अब्ज येनवरून ६१८ अब्जांवर गेली, तोवरची सर्वोच्च. माणशी खर्च सुमारे ११,८०० येनचा १६,६०० झाला. यूरो डिस्नेच्या पद्धतीने फक्त हजेरीचा आलेख काढलात तर टोकियो अपयशी दिसेल. आणि फक्त उलाढाल बघितलीत, तर त्या पन्नास लाख फेऱ्या कुणाच्या कमी झाल्या, रांगांना कंटाळलेल्यांच्या की चार जणांच्या कुटुंबांच्या, हे त्या ताळेबंदात कुठेच लिहिलेलं सापडणार नाही.