श्वेतपटल

श्वेतपटल (दृढपटल) : नेत्रगोलाचे सर्वांत बाहेरचे पांढरे, चिवट आवरण. गोलाचा सुमारे पाच-षष्ठांश भाग ते व्यापते. पुढचा उरलेला भाग पारपटलाचा. त्याची जाडी मागे दृक्-तंत्रिकेजवळ सुमारे १ मिमी., तर डोळा फिरवणारे सरळ स्नायू जेथे चिकटतात त्यामागे जेमतेम ०.३ मिमी. असते. जबर मार लागून डोळा फुटतो तो बहुधा अशाच पातळ जागी.

नावातला ‘श्वेत’ हा शब्द जरा फसवा आहे, कारण या पटलात पांढरे रंगद्रव्य नसते. पांढरेपणा आहे तो तंतूंच्या विस्कळीतपणाचा. श्वेतपटल आणि पारपटल दोन्ही मुख्यतः कोलॅजेनचीच, आणि सीमेवर एकाचे तंतू दुसऱ्यात शिरतात. पारपटलातले तंतू साधारण ३० नॅनोमीटर जाडीचे व सारख्या अंतरावर असतात, म्हणून बाजूला विखुरणारा प्रकाश आपसातच नाहीसा होतो (डेव्हिड मॉरिस, १९५७). श्वेतपटलात मात्र तंतू लहानमोठे आणि एकमेकांत गुंतलेले असल्याने तो विखुरतच राहतो. पारपटल रक्तवाहिन्या नसल्यामुळे पारदर्शक, असे कोणी म्हणेल. पण श्वेतपटलातही त्या थोड्याच असतात. पाण्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे : वाळलेले श्वेतपटल पारभासक होते. मात्र पाणी साचून सुजलेले पारपटल उलट धुरकट होते. एकाच्या बाबतीत पाणी कमी झाल्याने जे घडते, ते दुसऱ्यात वाढल्याने बिघडते. तेव्हा पाण्याचा परिणाम होतो तो तंतूंच्या मांडणीतून आणि तंतू व मधले द्रव्य यांच्या अपवर्तनांकांतील तफावतीतून. भज्यांच्या कागदावर तेलाचा डाग पडला की तेवढ्यापुरता कागद आरपार दिसू लागतो, तो याच तफावतीच्या घटीमुळे.

रंगातले फरकही याच अंगाने पाहावेत. तान्ह्या मुलाचे पातळ पटल निळसर दिसते, कारण आतल्या रंजितपटलाची छटा बाहेर येते. हाडे ठिसूळ होण्याच्या आनुवंशिक विकारात ही निळाई टिकून राहू शकते. कावीळ तपासताना वरची पापणी उचलून रुग्णाला खाली पाहायला सांगतात आणि ‘श्वेतपटल पिवळे’ अशी नोंद करतात. तो पिवळेपणा बराचसा वरच्या नेत्रश्लेष्मलेत असतो, असे मानले जाते. माणसाच्या डोळ्यात पांढरा भाग ठळक दिसतो तो नजरेची दिशा इतरांना कळावी म्हणून, ही कोबायाशी व कोशिमा यांच्या १९९७ च्या निबंधापासून गाजलेली कल्पना. काही चिंपँझींतही पांढरा भाग आढळल्याने ती आता सावधपणे मांडतात.

विकार : श्वेतपटलशोथ, कधीकधी संधिवाताबरोबर.