न्यूयॉर्कचे शिक्षण लंडनमध्ये किती भरले?

जयंतीच्या फलकावर बाबासाहेबांच्या पदव्या एका ओळीत लिहिलेल्या असतात. ती ओळ वाचताना एक साधा प्रश्न आपण विचारत नाही. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. हाती असताना १९२१ साली लंडनची एम.एस्सी. कशाला?

कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचेच २९ कोर्स घेतले होते. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. पण लंडनची पदवी लंडनच्याच नियमाने मिळवावी लागली. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची मुभा तेवढी मिळाली होती. १९२० मध्ये ते परत गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज यांच्या बळावर. त्या वेळी कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले. एका देशातले शिक्षण दुसऱ्या देशात पोहोचवण्याची तेव्हाची वाट अशी होती: ओळखीच्या प्राध्यापकाचे पत्र. ज्याला सेलिग्मन भेटला नाही, त्याने काय करायचे?

या प्रश्नाला नियमाचे उत्तर मिळायला फार उशीर लागला. मुळात 'क्रेडिट' ही कल्पना विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी जन्मलीच नाही. अँड्र्यू कार्नेगीने १९०५ साली अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन कोणत्या कॉलेजांना द्यायची, हे ठरवताना अट आली: प्रवेशासाठी शाळेतल्या अभ्यासाची १४ 'युनिट्स' मागणारे तेच खरे कॉलेज. एक युनिट म्हणजे वर्षभरात एका विषयाचे साधारण १२० तास. ज्ञान तासांत मोजण्याची सवय अशी पेन्शनच्या वहीतून पक्की झाली.

युरोपने १९८७ मध्ये विद्यार्थी-देवाणघेवाणीसाठी इरॅस्मस योजना सुरू केली आणि १९८९ पासून क्रेडिट हस्तांतराची पद्धत आजमावली. पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट, मग देश कोणताही असो. त्याहून मोठी गोष्ट १९९७ च्या लिस्बन कराराने केली. परदेशातले शिक्षण नाकारायचे असेल, तर त्यात मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने दाखवायचे. म्हणजे सिद्ध करण्याचा बोजा विद्यार्थ्याच्या डोक्यावरून उतरला. आपल्याकडे जातीचा दाखला पिढ्यान्‌पिढ्या पडताळून घेणाऱ्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको! भारत मात्र या करारात नाही.

पण क्रेडिट गेले तरी गुण जात नाहीत. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. तिथे बाहेरचे गुण बदलायला 'बव्हेरियन सूत्र' वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. आपल्याकडे कमाल १०० आणि पास ४० धरले, तर ६० टक्क्यांची फर्स्ट क्लास तिथे ३.० होते. अनेक अभ्यासक्रमांना २.५ लागतो, म्हणजे ७० टक्के. सूत्र बिनचूक आहे. पण मराठी किंवा इतिहासाच्या पेपरात आपला परीक्षक १०० पैकी १०० कधी देतो का? कागदावरची कमाल आणि वर्गातली कमाल वेगळी, आणि त्या फरकाची किंमत विद्यार्थी मोजतो. युरोपने स्वतःपुरता यावर उपाय काढला आहे: किती टक्के विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळाली, त्याचा तक्ता जोडायचा. आपल्या किती विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर असा तक्ता असतो?

केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीची अटही ६० टक्क्यांचीच आहे. आपल्या सरकारने पात्र ठरवलेला अनुसूचित जातीचा मुलगा तिथल्या दारात ३.० घेऊन उभा राहतो. एक्स्चेंजवर गेलेल्या मुलीचे सत्र परतल्यावर 'आमच्या सिलॅबसमध्ये बसत नाही' म्हणून कापले गेले, तर श्रीमंत घरची मुलगी आणखी सहा महिने शिकते. शिष्यवृत्तीवरच्या मुलीचे पैसे तोवर संपलेले असतात. म्हणून जाण्याआधीच कोणता विषय कोणत्या विषयाच्या जागी धरणार, हे दोन्ही विद्यापीठांच्या सहीने लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' यावर विमानात बसू नका.