आधी लायसन, मग नळी

कुणाच्या घरातली जुनी दुनळी विकायला निघाली, की छत्रपती संभाजीनगरातला जाणकार तिला लगेच हात लावत नाही. तो आधी विचारतो, "लायसन चालू आहे का?" मग पुस्तक उघडून बघतो, नंबर वाचतो, नूतनीकरणाची तारीख पाहतो आणि त्यानंतरच गवसणीची नाडी सोडायला सांगतो. हीच बंदूक लंडनच्या लिलावात आली असती तर गिऱ्हाइकांनी आधी नळ्या उजेडात धरल्या असत्या, कोरीवकामावर भिंग लावले असते. आपल्याकडे क्रम उलटा आहे. पुस्तकातला आणि नळीवरचा नंबर जुळला नाही, तर बंदूक पर्डीची असो की बर्मिंगहॅमच्या एखाद्या साध्या कारागिराची, तिला मोल नाही. वर पोलिसांचा ससेमिरा आहेच.

या मुलखात बंदुकीआधी कागद बघायची सवय काही पहिल्यापासूनची नव्हे. ती रुजायला दीडशे वर्षे गेली.

कागदाचा संबंध नव्हता त्या काळातली इथली सर्वांत गाजलेली शिकार ही न झालेली शिकार आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाच्या २८ व्या रेजिमेंटचा जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीशी आला आणि समोरच्या कड्यात त्याला एक कोरीव कमान दिसली. वाघ राहिला बाजूला, अजिंठ्याची दहा क्रमांकाची लेणी सापडली. स्मिथने तिथल्या एका खांबावर, रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावरच, आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता, म्हणून आज ते नाव आपल्या डोक्याच्याही वर दिसते. शिकाऱ्यांना खुणा सोडायची हौस असतेच, पण इतकी महाग जागा दुसऱ्या कुणी निवडली नसेल.

त्या काळी इंग्रज शिकाऱ्याच्या हाती साधारणपणे चकमकीची बंदूक असे. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी रंजकात पडायची आणि नळीच्या कानातून, म्हणजे बारीक भोकातून, आत शिरून बार उडायचा. एप्रिलच्या कोरड्या हवेत हे सगळे जमायचे. आषाढात रंजक भिजले की वाघासमोर नुसता 'खट्' असा आवाज. गावच्या शिकाऱ्यांकडे त्याहून जुनी तोड्याची बंदूक असे. जळता तोडा तिच्या कानाशी नेला की बार निघे. मात्र पाऊलखुणा ओळखणारे, पाणवठे माहीत असणारे आणि हाका घालणारे लोक इथलेच. डोंगरपट्ट्यातले भिल्ल नसते तर साहेबाची बंदूक मचाणावर नुसतीच टेकून राहिली असती.

त्या पिढीतल्या साहेबांची नावे या परिसरात अजून ऐकू येतात. पुढे ठगांवरच्या कादंबरीने गाजलेला मेडोज टेलर १८२४ साली निजामाच्या फौजेत भरती होऊन पहिल्यांदा आला तो औरंगाबादेतच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. खानदेशात धरणगावला १८२५ साली भिल्ल कोअर उभारणारा जेम्स आउट्रम वाघाच्या शिकारीसाठी इतका प्रसिद्ध होता, की त्याच्या पलटणीतल्या भिल्लांवर त्याचा वचक कवायतीपेक्षा त्या शिकारींनी जास्त बसला असे सांगतात. कन्नडहून चाळीसगावला उतरणारा औट्रम घाट त्याच्याच नावाचा. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हाही 'गौताळा औट्रमघाट' असे नाव पडले आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या जंगलाच्या पाटीवर एका शिकाऱ्याचे नाव कायमचे राहिले.

रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याची चित्रे उतरवून घ्यायला आला. तोही पट्टीचा शिकारी. त्याची बहुतेक चित्रे १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पारो आणि गिलची प्रेमकथा ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. गिलच्या बंदुकीकडे कुणी फारसे पाहिले नाही. १८६४ साली निघालेल्या त्याच्या शंभर त्रिमिती छायाचित्रांच्या पुस्तकाच्या नावात मात्र वास्तुकला आणि निसर्गेतिहास असे दोन्ही शब्द आहेत. गिल अजिंठ्यात राहिला त्या काळातच बंदूक सगळ्यांत वेगाने बदलली. तो आला तेव्हा ठासणीची बंदूक होती. तोंडातून दारू ओतायची, वर कापडाचा किंवा नमद्याचा बोळा, मग गोळी, गजाने ठासायचे आणि मागे बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. दुनळीचे दोन बार संपले की जखमी वाघासमोर हे सगळे पुन्हा करणे म्हणजे मरणाला वेळ देणे. म्हणून मागे भरलेली दुसरी बंदूक घेऊन एक माणूस उभा असे. त्याचे नाव शिकारकथेत क्वचितच येते. १८६० नंतर मागून काडतूस घालायच्या बंदुका रुळल्या आणि ठासणीच्या बंदुका हळूहळू शेतावर, राखणदाराच्या खोपटात गेल्या.

कागद आला तो १८७८ साली. लॉर्ड लिटनच्या राजवटीतल्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. औरंगाबाद मात्र निजामाच्या हद्दीत. इथे हुकूम हैदराबादचा चालायचा. जहागीरदाराच्या दिवाणखान्यात किती बंदुका आहेत, हे पुस्तकापेक्षा त्याच्या वजनावर ठरे. सहावा निजाम महबूब अली खान स्वतः नामांकित शिकारी. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झन त्याच्या राज्यात वाघाच्या शिकारीला आला, तेव्हाचे फोटो लाला दीनदयाळ यांनी काढले. मेलेल्या वाघासह काढलेला कर्झनचा तो फोटो आजही पुस्तकांतून छापला जातो. दरबारात असा शौक असल्यावर सुभ्यातल्या सरदारांनी मागे का राहावे?

माल येई मुंबईहून आणि कलकत्त्याहून. मुंबईत १८९१ साली आर्मी अँड नेव्ही स्टोअर उघडले. त्याच्या जाडजूड कॅटलॉगात मोज्यांपासून मचाणापर्यंत सगळे असे, बंदुकाही असत. त्या बंदुका दुसऱ्या कारखान्यांत बनत, पण नळीवर नाव स्टोअरचे पडे. कलकत्त्यात मॅन्टन, रोडा, लायन अँड लायन ही मोठी दुकाने. यांपैकी रोडाचे नाव २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी त्यांच्या मालातली पन्नास माउझर पिस्तुले पळवली म्हणून इतिहासात गेले.

काही बंदुका तर हिंदुस्थानासाठीच घडल्या. कर्नल फॉस्बरीने १८८५ साली पेटंट घेतलेली आणि हॉलंड अँड हॉलंडने बनवलेली 'पॅराडॉक्स' ही त्यांतली खास. तिची नळी जवळजवळ पूर्ण गुळगुळीत, फक्त तोंडाशी थोड्या इंचांत आटे. सकाळी छर्रे घालून तितर मारावेत, संध्याकाळी त्याच बंदुकीत गोळी घालून बिबट्याची वाट पाहावी. माळ आणि डोंगर शेजारी शेजारी असलेल्या मराठवाड्याला ती चपखल बसत होती. दुसरे उदाहरण सरकारच्या धास्तीचे. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलचे माप .४५०. त्या मापाचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने शिकारी रायफलींतही ते माप इथे बंद केले. मग इंग्लंडच्या कारखानदारांनी .४७०, .४६५, .४७५ अशी मापे काढून इथल्या राजेरजवाड्यांना विकली. यांतले .४७० पुढे आफ्रिकेतल्या हत्तीच्या शिकारीत जगभर गाजले. त्याच धास्तीपोटी .३०३ सामान्य माणसाला बंद झाली आणि तिच्या जागी .३१५ रुळली. ती आजही भारतीय परवान्यांवर दिसते.

लायसन पाहून झाले, की जाणकार बंदूक मोडतो, म्हणजे बिजागरीवर वाकवतो. काडतुसे नाहीत याची खात्री करून नळ्या सुट्या करतो आणि खिडकीकडे धरतो. आत उजेडाची वर्तुळे एकामागे एक दिसली पाहिजेत. जिथे वर्तुळ वाकडे, तिथे नळीला पोचा. मग नळ्या आकड्याला टांगून नखाने टिचकी. घंटेसारखा आवाज आला तर ठीक, बद्द आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली. पुन्हा जोडून कानाशी हलवली आणि खुडखुड झाली तर बिजागरी झिजली आहे.

पण खरे बोलते ते नळीचे पोट. तिथे परीक्षागृहाचे ठसे असतात. लंडनच्या बंदूककारांना सनद मिळाली १६३७ साली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. तिथे नळीतून जादा दारूचा बार काढून, ती टिकली तरच मुकुटाचा ठसा मारत. बर्मिंगहॅमच्या ठशात एकमेकांवर आडवे राजदंड असतील तर बंदूक १९०४ पूर्वीची. मुकुटाखाली 'बीव्ही', 'बीपी' अशी अक्षरे असतील तर नंतरची. 'नॉट फॉर बॉल' ही इंग्रजी अक्षरे दिसली तर १८७५ ते १८८७ मधली, तोंडाशी आवळलेली नळी: छर्रे चालतील, गोळी नाही. आणि अंडाकृती वर्तुळात 'ईएलजी' दिसले तर सावध. तो बेल्जियममधल्या लीजचा ठसा. तिथे उत्तम मालही होई, पण वेस्टली रिचर्ड्सच्या नावाला भुललेल्या गिऱ्हाइकासाठी 'डब्ल्यू. रिचर्ड्स' असे कोरलेल्या स्वस्त बंदुकाही तिथूनच निघाल्या. आजोबांची 'विलायती' बंदूक बेल्जियमची निघाली, की घरातल्या माणसांचे चेहरे पाहवत नाहीत.

दमास्कस नळी हा जुन्या बंदुकीतला सर्वांत देखणा आणि सर्वांत फसवा भाग. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून ती घडवत, म्हणून तिच्या अंगावर हिमरूच्या शालीसारखी वेलबुट्टी उमटते. ती काळ्या दारूसाठी. आजचे धूरविरहित काडतूस तिच्यात घातले तर ती हातातच फाटू शकते. हौशी माणूस तिला भिंतीसाठी घेतो आणि तेच शहाणपणाचे आहे.

मराठवाड्याची कोरडी हवा लोखंडाला मानवते, अक्रोडाच्या दस्त्याला नाही. तो मनगटाशी तडकतो. त्याला जवसाचे तेल चांगले, पण घरात करडईचे तेल हाताशी म्हणून तेच कुलपातही घातले जाते. करडईचे तेल वाळून चिकट होते आणि चाप अडतो. त्यात खंडेनवमी. वर्षातून एकदा बंदूक चिंचेने घासून लख्ख करायची आणि पूजेला मांडायची. घासल्याने मूळ रंग जातो, कोरीव रेघांच्या कडा बोथट होतात आणि ओल्या हळदकुंकवाच्या बोटाखाली गंज धरतो. संग्राहक चमकणाऱ्या बंदुकीपेक्षा काळवंडलेली पसंत करतो, हे त्या घरातल्या आजींना पटवणे अवघड.

मोठी उलथापालथ झाली ती १९४८ साली. सप्टेंबरातल्या हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर जनरल जयंतनाथ चौधरींच्या लष्करी प्रशासनात रझाकारांची हत्यारे काढून घेतली गेली. पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या आणि दिवाणखान्यांबरोबर बंदुकाही विकल्या गेल्या. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि जुन्या निजामी मुलखातला शौकीनही देशभराच्या एकाच पुस्तकात आला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच संपवली. परवान्यावर हेतूचा एक रकाना असतो. तिथे जो शब्द पूर्वी 'शिकार' होता तो आता 'स्वसंरक्षण' किंवा 'पीक संरक्षण' झाला. बंदूक तीच, पण ती वाघासाठी नसून रोही आणि रानडुकरांना पिटाळण्यासाठी असते. वाघ मात्र गौताळ्यात परत येऊन गेला: मार्च २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक तरुण नर, कित्येक दशकांनंतरचा पहिलाच.

१९८० च्या दशकाच्या मध्याला सामान्य परवानाधारकासाठी बंदुकांची आयात बंद झाली आणि देशात आधीच असलेल्या विलायती बंदुकांचे भाव चढले. इंग्लंडात साधी म्हणून पडून राहणारी दुनळी इथे वजनदार ठरली. मग २०१९ ची दुरुस्ती आली: एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे, वारसाने आलेली धरून. तिसऱ्या बंदुकीचे काय करायचे हा प्रश्न अनेक घरांत वर्षभर चघळला गेला. फेब्रुवारी २०२० च्या नियमांनी 'क्युरिओ' वर्गातली जुनी शस्त्रे विनापरवाना बाळगायची मुभा दिली, पण ती वापरायला किंवा घराबाहेर न्यायला परवाना हवाच. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू परदेशी विकायची सोय नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. त्यामुळे २०१५ साली लंडनमध्ये टिपू सुलतानाची चकमकीची शिकारी बंदूक सात लाख पौंडांवर गेली, असल्या बातम्या वाचून इथल्या कुणी हिशेब मांडण्यात अर्थ नाही. तिथे मोल टिपूच्या नावाचे होते आणि मालही आपल्या कायद्याच्या कक्षेतला नव्हता.

निवडणूक लागली, की ज्यांना नोटीस येते ते आपली बंदूक गवसणीत घालून ठाण्यात नेऊन जमा करतात. दस्त्याला सुतळीने पुठ्ठ्याचे लेबल बांधले जाते. बर्मिंगहॅमच्या मुकुटाचा ठसा असलेली शतकभर जुनी दुनळी दोन महिने नव्या कारखान्यातल्या बंदुकांना टेकून उभी राहते. निकाल लागल्यावर मालक ती आणायला जातो, दस्त्यावर नवा ओरखडा उमटला आहे का ते बोट फिरवून पाहतो आणि सही करण्याआधी चष्मा लावून नंबराचे आकडे पुन्हा एकदा पुस्तकाशी ताडून घेतो.