अर्धांगवायूनंतरचे श्रम आणि श्रांति

आजार दोन प्रकारचे असतात. एक चारचौघांना दिसतो. दुसरा ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. ज्वर हाताला लागतो, मोडलेलें हाड डोळ्यांना दिसतें. परंतु अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेलेल्या मनुष्याला पुढें कित्येक महिने जो थकवा छळतो, तो या दुसऱ्या वर्गांतला होय. वाचा परत येते, तोंडाचा वांकडेपणा जातो, समाचाराला येणारे "थोडक्यांत निभावलें" असें म्हणून समाधानानें परततात. आणि रोग्याचा खरा झगडा तेथून पुढें सुरू होतो.

आमच्या घरींच असा प्रसंग घडला. काकांचा डावा हात थोडा लुळा पडला, जीभ जड झाली. पण पंधरवड्यांतच ते कोणाच्या आधारावांचून हिंडूं फिरूं लागले. तिसऱ्या महिन्यांत मात्र स्नान करून आले कीं ते खुर्चींत डोळे मिटून बसत, आणि वर्तमानपत्राचें एक पान वाचून होण्यापूर्वींच तें त्यांच्या हातून गळून पडे. घरांत दोन पक्ष झाले. "त्यांना पडूं द्या," असें काकू म्हणत. "हालचाल केली नाहीं तर अंग आखडेल," असें आमचें म्हणणें. आमचाच पक्ष शास्त्रशुद्ध, अशी आमची बालंबाल खात्री होती. एका सायंकाळीं नित्याच्या टप्प्यापलीकडे, थेट पुलापर्यंत, त्यांना नेण्याचा आम्हीं हट्ट धरला. अर्ध्या वाटेवर ते एका दगडावर बसले आणि म्हणाले, "अरे, पाय चालताहेत, चालवणारा थकलाय." आम्हांला तें निव्वळ निमित्त वाटलें. पुढें या विषयाचा इतिहास वाचूं लागलों, तेव्हां कळून आलें कीं, काकांनीं एका वाक्यांत सांगितलेली गोष्ट उमगण्यास वैद्यकाला शंभर वर्षें लागलीं होतीं.

एकोणिसाव्या शतकांत विश्रांतीचा पक्ष प्रबळ होता. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांनीं विश्रांति हेंच औषध मानून लिहिलेला ग्रंथ १८६३ त प्रसिद्ध झाला, आणि अंथरूण हा पुष्कळ रोगांवरचा सरसकट उपाय होऊन बसला. पडून राहिल्यानें स्नायू झिजतात, सांधे ताठरतात, या गोष्टीकडे पुरेसें लक्ष गेलें नव्हतें.

या सामान्य रीतीला अपवाद म्हणून लुई पाश्चर यांचें नांव नेहमीं घेतलें जातें. १९ ऑक्टोबर १८६८ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, त्यांना झटका आला. सकाळींच डाव्या अंगाला मुंग्या आल्या होत्या. तरीही ते विज्ञान-अकादमींत एक निबंध वाचून आले, आणि रात्रीं डावें अंग निकामी झालें. तत्कालीन रीतीप्रमाणें जळवा लावण्यांत आल्या. ते वांचत नाहींत अशा समजुतीनें त्यांच्यासाठीं चाललेलें नव्या प्रयोगशाळेचें बांधकामही थांबविण्यांत आलें. परंतु आठवडाभरांतच त्यांनीं रेशमाच्या किड्यांच्या रोगासंबंधींचें एक टिपण अंथरुणावरून सांगून लिहवून घेतलें, आणि तीन महिने लोटतात न लोटतात तोंच, जानेवारी १८६९ मध्यें, दक्षिण फ्रान्समधील रेशमाच्या मुलुखाकडे प्रयाण केलें. काळपुळीच्या लशीचा १८८१ चा जाहीर प्रयोग आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील १८८५ ची लस, हीं दोन्ही कार्यें या झटक्यानंतरचीं.

ही कथा इच्छाशक्तीचा विजय म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेही. परंतु तिची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाहीं. पाश्चर यांचा तो प्रवास निजून झाला. तेथें गेल्यावरही पुष्कळसें काम ते बसल्या जागेवरून सांगत आणि त्यांचे सहाय्यक तें पार पाडीत. लेखन त्यांच्या पत्नी मारी करीत. हाताचा ताठरपणा आणि पायाचें ओढणें जन्मभर राहिलें. त्यांनीं थकवा झुगारून दिला असें म्हणण्यापेक्षां, उरलेली शक्ति कोठें वेंचावयाची हें ठरवून बाकीचीं कामें दुसऱ्यांच्या हातीं सोंपविलीं, असें म्हणणें अधिक खरें होईल.

पाश्चर हयात असतांच, १८९१ मध्यें, ट्यूरिन येथील शास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांचा थकव्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बोटानें एक वजन पुनःपुन्हां उचलावयाचें आणि प्रत्येक उचलीची रेघ कागदावर उमटावयाची, असें एक यंत्र त्यांनीं तयार केलें होतें. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या अध्यापकाचें बोट या यंत्रावर तपासलें, तेव्हां तें नेहमींपेक्षां फार लवकर थकलें. हातानें कांहींच उचललें नसतां हात थकला! तात्पर्य, बुद्धीचे श्रम आणि अंगाचे श्रम हीं एकाच पेढीवरचीं दोन खातीं आहेत. एकांतून रक्कम काढली कीं दुसऱ्यांतही तूट दिसते.

दुसरीकडे व्यायामाचा पक्षही बळावत होता. १९१७ मध्यें अमेरिकेंत ऑग्डेन आणि फ्रांझ यांनीं माकडांवर प्रयोग केले. मेंदूला इजा होऊन ज्यांचा हात लुळा पडला होता, त्या माकडांना नुसतें सोडून दिलें तर हात तसाच राही, आणि केवळ चोळण्यानेंही फारसा गुण येत नसे. परंतु चांगला हात बांधून ठेवून लुळा हात वापरावयास भाग पाडलें, कीं तो सुधारे. माणसांवरील त्याच तत्त्वाच्या उपचाराची मोठी कसोटी २२२ रोग्यांवर घेण्यांत आली, आणि तिचे अनुकूल निष्कर्ष २००६ मध्यें प्रसिद्ध झाले. म्हणजे आमचा "हालचाल" पक्ष अगदींच निराधार नव्हता. चूक झाली ती मापांत.

तें माप आंतून पाहण्याचा योग एका विद्वानाला आला. ओस्लो येथील मज्जारचनेचे प्राध्यापक आल्फ ब्रोडाल यांना एप्रिल १९७२ मध्यें झटका येऊन डावें अंग दुबळें झालें. ज्या मेंदूचें वर्णन त्यांनीं आयुष्यभर केलें, त्याचीच इजा ते आतां स्वतःच्या ठायीं अनुभवीत होते. पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं नमूद केलें कीं, दुबळा स्नायू हलविण्यास लागणारा जोर हा मुख्यतः मनाचा जोर आहे. जी हालचाल पूर्वीं नकळत होई, तिच्यासाठीं आतां प्रत्येक वेळीं संकल्प करावा लागतो. सरावानें हा संकल्प हलका होत जातो, हेंही त्यांनीं अनुभवलें. एवढेंच नव्हे, तर धड असलेल्या उजव्या हाताचें अक्षरही बिघडलें होतें, आणि चित्त फार वेळ एकाग्र होत नव्हतें. काकांचा "चालवणारा" तो हाच.

एवढें झाल्यावरही "लवकर आणि पुष्कळ" हा मंत्र मोहक वाटत राहिला. त्याची परीक्षा पांच देशांतील ५६ रुग्णालयांत, २१०४ रोग्यांवर झाली. निष्कर्ष २०१५ मध्यें आले. झटक्यानंतर २४ तासांच्या आंत उठवून वारंवार व अधिक वेळ हालचाल करविलेल्यांपैकीं ४६ टक्के, तर नेहमींच्या पद्धतीच्या शुश्रूषेंतील ५० टक्के रोगी तीन महिन्यांनीं चांगल्या स्थितींत होते. सदिच्छेचा अतिरेकही बाधतो, हें आंकड्यांनींच सांगितलें. त्याच माहितीच्या पुढील छाननींत असें दिसलें कीं, थोडा थोडा वेळ पण अधिक वेळां केलेली हालचाल हितकर ठरते.

झटक्यानंतर असा थकवा निम्म्याच्या जवळपास रोग्यांना जाणवतो, आणि झटका सौम्य होता म्हणून तो सौम्य असतोच असें नाहीं. त्यामागें कधीं निद्रानाश, खिन्नता, रक्ताची कमतरता किंवा एखादें औषधही असतें. म्हणून तो वैद्यांच्या कानांवर घालावा. मात्र तोंड वांकडें होणें, बोबडी वळणें, हातापायांतील जोर जाणें असें कांहीं अकस्मात् पुन्हां दिसलें, तर तो थकवा समजून वाट पाहूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. एरवीं श्रम आणि श्रांति या सवती नव्हेत. व्यायाम टाकला तर अंग दुर्बल होऊन थोडेसे श्रमही जड वाटतात; विश्रांति टाकली तर उद्यांच्या व्यायामासाठीं शिल्लक उरत नाहीं. काकूंचा पक्ष आणि आमचा पक्ष हे दोन्ही अर्धे अर्धे खरे होते. ज्याला विचारावयाचें, त्यालाच तेवढें कोणीं विचारलें नव्हतें.

पुढें काका एका मोठ्या फेरीऐवजीं सकाळसंध्याकाळ दोन लहान फेऱ्या घेऊं लागले. स्नानानंतरची अर्धी घटका कोणीही त्यांच्याशीं बोलत नसे. कांहीं आठवड्यांनीं एका सकाळीं ते आपण होऊन पुलापर्यंत आले. कठड्यावर टेकले, नदीकडे पाहत राहिले, आणि थोड्या वेळानें म्हणाले, "बैस तूंही. घाई काय आहे?"

आम्ही बसलों.