एका पंखाचे पक्षी : हाडे मोजणारे आणि हाडे बसवणारे

१) माझ्या आजोबांचा डावा हात कोपरापासून खाली वाळलेला होता. बोटे तळव्याकडे वळून कायमची आखडलेली. लहानपणी ते निंबाच्या झाडावरून पडले आणि कोपराच्या जरा वर हाड मोडले. गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधला. हाड जुळले, हात मात्र गेला. जन्मभर ते गाईची धार एकाच हाताने काढत राहिले.

२) इतिहास शिकू लागल्यावर त्या हाताकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मोडलेले हाड किती घट्ट बांधावे, हे आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात लिहिलेले आहे. मग विसाव्या शतकातल्या खानदेशी मुलाचा हात बांधण्यामुळेच का जावा? या प्रश्नाचा माग काढणारा हा धागा. वाट लांबची आहे. चाळीसगावजवळच्या पाटणहून पुण्यामुंबईकडे आणि तिथून पुन्हा खानदेशात.

३) आरंभ सुश्रुतसंहितेपासून. आज उपलब्ध असलेल्या रूपात ही संहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत स्थिरावली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्या शारीरस्थानात शव तपासण्याची रीत दिली आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या, सर्व अवयव शाबूत असलेल्या माणसाचे शव घ्यावे. आतड्यांतील मळ काढावा. मुंज, कुश, ताग अशांनी गुंडाळून ते पिंजऱ्यात ठेवावे आणि संथ वाहत्या पाण्यात, आडोशाच्या जागी सोडावे. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहावा.

४) या पाहण्यातून आलेली मोजदाद अशी : हाडे ३००, सांधे २१०, स्नायू ९००, पेशी ५००. येथे थांबून एक खुलासा. सुश्रुताची 'पेशी' म्हणजे आजच्या भाषेतला मांसल स्नायू. त्याचा 'स्नायू' म्हणजे बांधून ठेवणारी दोरी, आजचे अस्थिबंध आणि कंडरा. फळ्या पक्क्या बांधल्या म्हणजे नाव जशी भार पेलते, तसे सांधे या दोऱ्यांनी बांधलेले म्हणून शरीर भार पेलते, अशी उपमा तो देतो.

५) मग आजची २०६ हाडे बरोबर आणि ३०० चूक? समाजमाध्यमांवर हा वाद नित्याचा. खरे तर दोघांची 'हाड' ही व्याख्याच वेगळी आहे. सुश्रुत दात हाडांत मोजतो. नाक-कानातली कूर्चा 'तरुण अस्थी' म्हणून मोजतो. चरकाची संख्या ३६०, कारण त्यात नखेही येतात. व्याख्येचा फरक वजा केला तरी काही तफावत उरतेच. ती मान्य करण्यात कमीपणा नाही आणि त्यावरून सारा ग्रंथ निकालात काढण्यातही शहाणपण नाही.

६) मोजणीपेक्षा मोलाची आहे ती तिच्यावर उभी राहिलेली चिकित्सा. सुश्रुत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगतो. ताण देऊन तुकडे जागेवर आणणे, झाडाच्या सालींच्या पट्ट्या लावणे, पाय मोडलेल्या रुग्णाला फळीवर पाच खुंट्यांच्या आधाराने जखडून निजवणे, असे उपाय देतो. आणि बांधणीविषयी स्पष्ट बजावतो : सैल बांधले तर सांधा स्थिर होत नाही, फार घट्ट बांधले तर सूज येते, वेदना होतात, त्वचा व मांस पिकते. म्हणून उन्हाळ्यात तीन, समशीतोष्ण काळात पाच आणि थंडीत सात दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधावी. माझ्या आजोबांचा हात या एका सूचनेने कदाचित वाचला असता.

७) सुश्रुतसंहितेत आणखी एक विचार येतो. केवळ शास्त्र शिकलेला आणि केवळ हाताने काम करणारा, दोघेही अर्धवट. एका पंखाच्या पक्ष्यासारखे. पुढच्या हजार-बाराशे वर्षांत आपल्याकडे झाले ते हेच. पक्ष्याचे दोन पंख दोन वेगळ्या घरांत गेले.

८) आता खानदेशात येऊ. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. यादव राजा सिंघण याच्या काळातला. त्याचा मांडलिक निकुंभवंशी सोइदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला देणगी दिली. हा मठ स्थापन करणारा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू आणि सिंघणाचा ज्योतिषी. लेखाच्या मराठी भागात मठासाठी बाजारातल्या मालावरचा आणि तेलाच्या घाण्यांवरचा हक्क नोंदला आहे. थोडक्यात, ग्रंथ शिकवण्याची सोय गावच्या बाजारपेठेने उचलली होती.

९) त्याच डोंगररांगेच्या पलीकडे देवगिरीला, त्याच सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकर' लिहीत होता. ग्रंथ संगीताचा, पण पहिल्याच अध्यायात 'पिंडोत्पत्ती' हे प्रकरण येते. नाद शरीरातून उमटतो, म्हणून आधी शरीर. गर्भाची वाढ, हाडे, सांधे, स्नायू, पेशी यांच्या संख्या त्यात आहेत. हाडे ३६० सांगून धन्वंतरीच्या मते ती ३०० असल्याचीही नोंद आहे. मूळ काश्मीरच्या या घराण्यात विद्या परंपरेने चालत आलेली होती.

१०) पुढच्या पिढीत यादवांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. म्हणजे तेराव्या शतकात आपल्या परिसरात शरीरविषयक ज्ञान होते, त्याला राजाश्रय होता, त्यावर बारकाईने लिहिलेही जात होते. मात्र एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरताना संख्या तेवढ्या उतरत होत्या; नदीतला पिंजरा आणि वाळ्याचा कुंचा मागेच राहिला. शार्ङ्गदेवाच्या ग्रंथात ३६० आणि ३०० शेजारी शेजारी नांदतात, कारण खरे कोणते हे ठरवायला समोर हाडे नाहीत.

११) हे का झाले? एक कारण उघड आहे. धर्मशास्त्राने मानवी अस्थीचा स्पर्श अशुद्ध ठरवला आणि त्यासाठी स्नानादी शुद्धी सांगितली. ज्याचा दर्जा ग्रंथामुळे होता, त्याला प्रेतापासून दूर राहणे भाग पडले. जे प्रेत, कातडे, माती, रक्त हाताळत, त्यांना ग्रंथ बंद होता. हाडे मोजणारे एका बाजूला राहिले, हाडे बसवणारे दुसऱ्या बाजूला.

१२) हाताचे ज्ञान कमी प्रतीचे होते, असे मात्र समजू नका. १७९० च्या दशकात पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानावर झालेली शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. टिपूच्या सैन्याने त्याचे नाक कापले होते. ते कपाळाच्या कातडीतून नवे केले गेले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने तिचे वर्णन छापले. रुग्णाचे नाव छापले गेले, साक्षीदारांची नावे टिकली. ज्याच्या हातांनी नाक घडवले त्याचे नाव कुणी टिपले नाही. फक्त त्याची जात नोंदली : विटा-मातीचे काम करणारा.

१३) पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने ते वर्णन वाचले. तो शरीररचना शिकवणारा माणूस. त्याने आधी शवांवर सराव केला, १८१४ मध्ये जिवंत रुग्णावर शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुण्यातल्या हाताला लंडनमध्ये ग्रंथ मिळाला. पुण्यात तो मिळाला नाही.

१४) आता आजोबांच्या हाताकडे परत. कोपराच्या वरचे हाड मोडते तेव्हा त्याच्या अगदी समोरून हाताची मुख्य धमनी जात असते. कोपराखाली बोटे मिटणारे स्नायू असतात. त्यांच्याभोवती न ताणणारे चिवट आवरण असते. दुखापतीने आत सूज येते, आवरण वाढत नाही, वरून कामट्या आवळलेल्या. आतला दाब वाढून रक्त पोचेनासे होते आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. हाडालगतचे, खोलवरचे स्नायू आधी जातात. मेलेल्या स्नायूंच्या जागी आखूड, कडक तंतू तयार होतात आणि बोटे तळव्याकडे ओढली जातात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान याने १८८१ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

१५) बोटांनी चाचपून हाड कळते. कुशल हाडवैद्याला तुकड्यांची करकर, उंचवटा, वाकणे सारे कळत असे. साधी मोड तो उत्तम बसवतही असे. पण धमनी कुठून जाते, आवरण कुठे घट्ट आहे, हे बाहेरून चाचपून कळत नाही. त्यासाठी कधीतरी, कुणीतरी, आत पाहिलेले असावे लागते. वेळेत ओळखले तर शल्यचिकित्सक ते आवरण लांब छेद देऊन मोकळे करतो आणि हात वाचतो. छेद कुठे द्यायचा आणि कोणती मज्जातंतू, कोणती धमनी टाळायची, हे शवविच्छेदनातूनच शिकले जाते.

१६) दोन्ही पंख एका घरात आले तर काय घडते, याचे उदाहरण लिव्हरपूलमध्ये आहे. इव्हान थॉमस हा पिढीजात हाडवैद्य, मूळचा वेल्सचा. त्याने मुलाला, ह्यू ओवेन थॉमसला, रीतसर वैद्यक शिकवले. मांडीचे हाड मोडले की भोवतालचे बळकट स्नायू तुकडे एकमेकांवर ओढतात, पाय आखूड होतो. ह्यूने तयार केलेल्या लोखंडी चौकटीत पाय ताणून स्थिर ठेवता येई. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात ती चौकट आघाडीवर पोचवली आणि मांडी मोडलेल्या सैनिकांच्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. हाडवैद्याच्या मुलाला महाविद्यालयाचे दार उघडे होते, म्हणून हे झाले.

१७) आपल्याकडे १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन करून जुनी भीती मोडली. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या तिथल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पाटणचा तो शिलालेख अभ्यासकांसमोर आणला तो याच डॉक्टरांनी, १८६५ मध्ये. शव उघडून शिकलेला पहिल्या पिढीतला मराठी माणूस यादवकाळातल्या विद्येच्या दाराशी येऊन पोचला. खानदेशच्या इतिहासातला हा क्षण मला फार जवळचा वाटतो.

१८) पण ते महाविद्यालय मुंबईत होते आणि शिक्षण इंग्रजीत. खानदेशातल्या हाडवैद्याचा मुलगा तिथे पोचण्याची शक्यता जवळपास शून्य. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले १९८८ मध्ये, जळगावला २०१८ मध्ये. ग्रँट कॉलेजपासून धुळ्यापर्यंतचे अंतर रेल्वेने एका रात्रीचे. या विद्येला ते ओलांडायला १४३ वर्षे लागली. माझे आजोबा या मधल्या काळातले.

१९) एक ऋणही नोंदवायला हवे. विच्छेदनाच्या टेबलावर कोण असते? ब्रिटनच्या १८३२ च्या कायद्याने गरीबगृहांत मेलेल्या गरिबांची बेवारस शवे महाविद्यालयांना दिली. मुंबई प्रांताच्या १९४९ च्या कायद्याने बेवारस शवांची तशी तरतूद केली. ज्यांना जिवंतपणी कुणी विचारले नाही, त्यांच्या शरीरांनी डॉक्टरांच्या पिढ्या शिकवल्या. कावसजीच्या शस्त्रवैद्याप्रमाणे त्यांचीही नावे कुठे नाहीत. आता स्वेच्छेने देहदान करणारे वाढत आहेत. दधीचीने अस्थी दिल्याची कथा आपण शतकानुशतके सांगत आलो. तिचा हा अर्थ हाती यायला उशीर झाला.

२०) म्हणून '३०० की २०६' या वादात कुणी ओढले, तर एक प्रश्न विचारून पाहा : ही हाडे मोजली कुणी, बसवली कुणी आणि त्या दोघांची भेट झाली का? आजोबा गेले तेव्हा अस्थी वेचताना डाव्या हाताचे हाड मी मुद्दाम पाहिले. कोपराच्या वर जुळल्याची जाड गाठ होती, पक्की आणि सरळ. त्या हाडवैद्याने आपल्या परीने काम चोख केले होते. त्याला जे कुणी कधी शिकवलेच नाही, तेवढे राहून गेले.

(धागा समाप्त)