मेजाची सनद

संगणकाच्या पडद्याला आपण डेस्कटॉप, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, म्हणतो, आणि मेजावर दौत, टाक व दप्तर जसे आपापल्या जागी सापडावे तशीच अपेक्षा त्या पडद्याकडूनही करतो. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांच्या वाट्याला असे सुव्यवस्थित मेज आलेले नव्हते. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मलेल्या 'एक्स' पद्धतीने पडद्यावर चौकटी आखण्याची सोय केली होती, पण त्या चौकटींनी कसे दिसावे व कसे वागावे याविषयी तिने बुद्ध्याच मौन पाळले होते. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅमची बटणे निराळी, मेनूंची रीत निराळी, आणि एकीकडे शिकलेली सवय दुसरीकडे निरुपयोगी, अशी अवस्था होती. मोठ्या कंपन्यांनी आपल्या युनिक्स यंत्रांसाठी एक सामाईक मेज सिद्ध केले होते, ते मात्र दाम मोजणाऱ्यापुरते.

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी मथियास एट्रिख याने ही उणीव दूर करण्यासाठी जगभरच्या प्रोग्रॅमरांना जाहीर आवाहन केले, आणि केडीई या प्रकल्पाचा आरंभ झाला. एट्रिखची दृष्टी तंत्रज्ञावर नव्हे, तर ज्याला यंत्राच्या अंतरंगाशी कर्तव्य नाही अशा सामान्य माणसावर खिळली होती, आणि ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या कर्तृत्वात अधिक मोलाची वाटते. बारा जुलै १९९८ ला केडीईची पहिली आवृत्ती निघालीही. पण तोवर वाद पेटला होता, आणि तो सौंदर्याचा किंवा सोयीचा नसून एका परवान्याचा होता.

एट्रिखने मेज घडवण्यासाठी जी अवजारपेटी निवडली ती ऑस्लो येथील ट्रोलटेक कंपनीची क्यूटी. कारागिरीच्या दृष्टीने ती उत्कृष्ट होती, आणि मुक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कंपनी ती विनामूल्य देतही असे. परंतु तिच्यात फेरफार करून ती सुधारित पेटी इतरांना वाटण्याची मुभा त्या परवान्यात नव्हती. घर तुमचे, पण ज्या जमिनीवर ते उभे आहे तिची मालकी दुसऱ्याकडे, आणि उद्या त्या मालकाने तोंड फिरवले तर दाद मागायला दस्तऐवज नाही, अशी ही स्थिती होती. डेबियन या लिनक्स-वितरणाने याच परवान्याच्या तंट्यापायी १९९८ च्या ऑक्टोबरात केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकले. त्यापूर्वीच, १५ ऑगस्ट १९९७ रोजी, मेक्सिकोतील मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोघा तरुणांनी ग्नोम नावाच्या दुसऱ्या मेजाची घोषणा केली होती. त्यांनी बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या गिंप या चित्रसंपादकासाठी बनलेली, परवान्याने निखालस मुक्त अशी जीटीके ही पेटी पसंत केली. मार्च १९९९ मध्ये ग्नोमची पहिली आवृत्ती आली.

एकाच कामासाठी दोन चुली मांडल्याने शक्तीचा अपव्यय झाला, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आहेत. मला तो आक्षेप पटत नाही. प्रतिस्पर्धी उभा राहिला म्हणूनच नॉर्वेतील कंपनीला आपल्या परवान्याचा फेरविचार करणे भाग पडले, आणि त्या दडपणातून १९९८ साली जो करारनामा झाला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत दूरदृष्टीचा लेख होय: कंपनीने मुक्त आवृत्ती काढणे थांबवले आणि बारा महिने उलटले, तर एका स्वतंत्र प्रतिष्ठानाला ती पेटी अत्यंत सैल परवान्यावर जगाला देऊन टाकण्याचा अधिकार राहील, असे त्याचे मुख्य कलम. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी सर्वमान्य मुक्त परवान्याखाली आली आणि मूळ तंटा मिटला. पुढे २००८ मध्ये ट्रोलटेक नोकियाने घेतली, २०१२ मध्ये पेटी डिजिया या कंपनीकडे गेली. पण वतनाबरोबर त्याच्या अटीही नव्या धन्याकडे जाव्यात, तसे ते कलम प्रत्येक खरेदीदाराला लागू राहिले.

मराठी वाचकाला अशा मुक्त परवान्याचे महत्त्व एका लहानशा उदाहरणाने कळेल. २००२ साली ग्नोमची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा जीटीकेशी पँगो नावाचा एक भाग जोडलेला होता. कोणत्याही लिपीची अक्षरे त्या लिपीच्या नियमांप्रमाणे जुळवणे हे त्याचे काम. देवनागरीत हे काम सोपे नाही: र्‍हस्व इकार उच्चारात व्यंजनामागून येतो पण लिहिताना त्याच्या आधी बसतो, रकार कधी रफार होऊन शिरोरेघेवर चढतो, तर 'वाऱ्यावर' या शब्दात तोच रकार वळणदार आडव्या रेघेचे रूप धारण करतो, आणि हिंदीला अनोळखी असलेले हे मराठीचे खास लेखनरूप प्रोग्रॅमला शिकवावे लागते. ते शिकवायला कोणत्याही दरबारी अर्ज करावा लागत नव्हता. प्रोग्रॅमचा मूळ लेख सर्वांपुढे उघडा होता, आणि ज्याला ही वहिवाट ठाऊक होती त्याने तो उचलून त्यात आपली भर घालावी, अशी मुभा परवान्यातच लिहिलेली होती. २००४ च्या सुमारास पुण्यात घडवलेला लोहित हा देवनागरी टंकही तशाच परवान्याने सर्वांना मिळाला, आणि मेनूंतील 'उघडा', 'जतन करा', 'बंद करा' ही आज्ञापदे मराठीत लिहिलेली दिसू लागली.