रेव्हरंड टिळकांचा दुसरा त्याग

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या त्यागाचा विषय निघाला की १८९५ मधील त्यांचा बाप्तिस्मा प्रथम आठवतो. त्या दीक्षेमुळे ते जातीस व आप्तसंबंधांस मुकले. पत्नी लक्ष्मीबाई यांनाही काही वर्षांचा वियोग सोसावा लागला, हे 'स्मृतिचित्रे'वरून दिसते. परंतु १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला, हा त्याग अधिक अर्थपूर्ण होय. पहिल्या त्यागाने जुना समाज दुरावला. दुसऱ्याने नव्या समाजात लाभलेला आधारही त्यांनी आपण होऊन सोडला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस स्थान होते. त्यांची निष्ठा संस्थेपलीकडे ख्रिस्ताशी जडली होती, याचा हा पुरावाच होय. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. म्हणून या समर्पणाच्या इतिहासात त्यांचाही वाटा मानणे युक्त ठरते.